यॉर्कचे व्हिक्टोरियन इतिहासकार: काय घ्यायचं, काय तपासायचं

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कच्या एखाद्या गल्लीचा, चर्चचा किंवा तटाच्या दरवाजाचा इतिहास शोधायला घेतला की तळटीपांच्या मागे जात जात माणूस शेवटी ठरावीक चार-पाच नावांपाशी येऊन थांबतो. टाउन क्लार्क रॉबर्ट डेव्हिस, युनिटेरियन धर्मोपदेशक चार्ल्स वेलबिलव्हड, चित्रकार जॉन ब्राउन, कॅनन जेम्स रेन. या सगळ्यांच्या मागे १७३६ सालचा शल्यविशारद फ्रान्सिस ड्रेक उभा असतोच, पण खरा ढीग रचला तो व्हिक्टोरियन मंडळींनी. त्यांना डोळे झाकून उद्धृत करणारे पुष्कळ आहेत, आणि 'हौशी होते' म्हणून मोडीत काढणारेही. दोन्ही चूक. या माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं आणि हातांनी जे मोजलं, ते सहसा भरवशाचं असतं. पाहिलेल्या दोन गोष्टींच्या मधली जागा भरायला त्यांनी जे जोडकाम केलं, ते मात्र प्रत्येक वेळी उसवून बघावं लागतं. ते कसं, एवढंच इथे लिहितो.

आधी माणूस ओळखायचा. डेव्हिस १८२७ ते १८४८ या काळात शहराचा टाउन क्लार्क होता, म्हणजे नगरपालिकेच्या दप्तराची किल्ली त्याच्याच खिशात. १८४३ मध्ये त्याने चौथा एडवर्ड, पाचवा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड यांच्या काळातल्या नोंदींचे उतारे छापले. वेलबिलव्हड यॉर्कशायर म्युझियममधल्या पुराणवस्तूंचा मानद क्युरेटर. रोमन यॉर्कवरचं त्याचं पुस्तक १८४२ चं. ब्राउनने १८४७ मध्ये मिन्स्टरचा, म्हणजे यॉर्कच्या मुख्य चर्चचा, सचित्र इतिहास पुरा केला. आणि रेन दोन आहेत, हे पक्कं लक्षात ठेवायचं: बाप डरहॅमचा, १७९१ ते १८५८, मुलगा यॉर्कचा, १८३० ते १८९६. नाव तेच, धंदा तोच, दोघांचे ग्रंथ छापणारी सर्टीज सोसायटीही तीच. यॉर्क प्रांतातल्या मृत्युपत्रांचा १८३६ चा पहिला खंड बापाचा, तर १८५५ चा दुसरा मुलाचा. ग्रंथालयांच्या सूचीत दोघांची सर्रास सरमिसळ झालेली असते, म्हणून नावाआधी छपाईचं साल बघायचं.

सर्टीज सोसायटी १८३४ साली डरहॅममध्ये निघाली, ती रॉबर्ट सर्टीजच्या स्मरणार्थ. या सर्टीजने स्वतः रचलेला पोवाडा 'जुना सापडला' म्हणून वॉल्टर स्कॉटच्या गळ्यात मारला होता आणि स्कॉटने तो आपल्या काव्यात घेतलाही. अस्सल साधनं छापणाऱ्या संस्थेला अशा माणसाचं नाव असावं, ही गंमत आहे खरी. संस्थेच्या कामावर त्याचा डाग नाही.

छापील उतारा हातात आला की पहिली अडचण तारखेची. बखरी वाचणाऱ्याला शके, फसली आणि शुहूर यांचा घोळ माहीत असतो, तसलाच हा. मध्ययुगीन नोंदीत साल नसतं, राजाचं राज्यवर्ष असतं, आणि ते राज्यारोहणाच्या दिवसापासून मोजतात. तिसऱ्या रिचर्डचं पहिलं वर्ष २६ जून १४८३ ते २५ जून १४८४. तिसऱ्या एडवर्डची वर्षं २५ जानेवारीला सुरू होतात, म्हणून त्याचं दहावं वर्ष २५ जानेवारी १३३६ ते २४ जानेवारी १३३७. यात भर म्हणजे इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत साल बदलायचं ते २५ मार्चला. त्यामुळे रिचर्डच्या पहिल्या वर्षातली १० फेब्रुवारी ही तारीख त्या काळच्या कारकुनाने १४८३ अशी लिहिली, तरी आपल्या हिशोबाने ती १४८४. व्हिक्टोरियन संपादक कधी मूळचा आकडा तसाच ठेवतो, कधी न सांगता बदलतो, आणि एकाच पुस्तकात दोन्ही केलेलं असतं. १ जानेवारी ते २४ मार्च या पट्ट्यातली कुठलीही तारीख दिसली की तिथे थांबायचं. आधी राज्यवर्ष शोधायचं, त्यावरून साल काढायचं आणि छापील आकड्याशी ताडायचं. जुळलं तर ठीक. एका वर्षाचा फरक आला तर संपादकाने जुनं साल जसंच्या तसं ठेवलंय असं समजायचं.

यॉर्कमध्ये तिसरा फाटा आहे महापौराचा. मध्ययुगात बराच काळ महापौराची निवड ३ फेब्रुवारीला, सेंट ब्लेझच्या दिवशी व्हायची. शहराच्या 'फ्रीमन' लोकांची नोंदवही १२७२ पासून सुरू होते आणि ती महापौरांच्या कारकिर्दीनुसार लावलेली आहे. फ्रीमन म्हणजे शहरात धंदा करायचा हक्क मिळालेली माणसं. ही वही १८९७ आणि १९०० मध्ये दोन भागांत छापली गेली. एखाद्या सोनाराचं नाव अमुक महापौराखाली दिसलं, तर त्याचं वर्ष फेब्रुवारी ते फेब्रुवारी धरायचं, पानाच्या डोक्यावरचं राज्यवर्ष नव्हे. वंशावळी रचणाऱ्यांच्या हातून इथे एक वर्ष हटकून निसटतं आणि मग मुलगा बापाच्या आधी धंद्याला लागल्याचं दिसतं.

सणांवरून दिलेल्या तारखा त्या मानाने सोप्या. 'सेंट मार्टिननंतरचा मंगळवार' म्हणजे ११ नोव्हेंबरनंतरचा पहिला मंगळवार. त्या सालाचा ईस्टर माहीत असला की वार निघतो. कॉर्पस क्रिस्टीचा गुरुवार २१ मे ते २४ जून यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. यॉर्कची प्रसिद्ध नाटकं याच दिवशी व्हायची, म्हणून ही तारीख सारखी लागते. भाडं उत्तरेत सहसा व्हिटसन (ईस्टरनंतरचा सातवा रविवार) आणि मार्टिनमास (सेंट मार्टिनचा दिवस) या दोन हप्त्यांत देत. एका हप्त्याचा आकडा अख्ख्या वर्षाचा समजला की घराचं भाडं निम्म्यावर येतं.

आकड्यांमध्ये खरी पडझड होते. मिन्स्टरच्या बांधकाम-हिशोबाच्या गुंडाळ्या धाकट्या रेनने १८५९ मध्ये छापल्या. अशा हिशोबांत रोमन चार लिहून त्याच्या डोक्यावर दोन बारीक एक्स काढलेले असतात. ते चार-वीस, म्हणजे ८०. डोक्यावरचे एक्स छपाईत शेजारी उतरले किंवा नक्कल करताना गळाले, की ८० चे २४ तरी होतात किंवा नुसते ४. सहाच्या डोक्यावर वीस असतील तर १२०. हाच आकडा 'शंभर' म्हणूनही येतो, कारण खिळे, मासे, फळ्या असल्या वस्तू मोठ्या शेकड्याने, म्हणजे १२० च्या हिशोबाने मोजत. पैशात मार्क हे नाणं नव्हतंच, ते हिशोबापुरतं एकक: १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६० पेन्स. अर्धा मार्क ६ शिलिंग ८ पेन्स. पडताळा साधा आहे. प्रत्येक गुंडाळीच्या शेवटी कारकुनाने बेरीज केलेली असते. वरच्या रकमा पेन्समध्ये आणायच्या (पौंडाला २४०, शिलिंगला १२) आणि बेरीज ताडून बघायची. फरक नेमका चारच्या, वीसच्या किंवा शंभर-एकशेवीसच्या पटीत आला, तर चूक कुठल्या ओळीत आहे तेही सापडतं. फरक वेडावाकडा असेल तर संपादकाने मधल्या ओळी गाळल्या असण्याची शक्यता जास्त.

गाळणं ही या पिढीची जुनी खोड. त्यांनी छापले ते 'उतारे', आणि निवड आपल्या आवडीने केली. काचचित्रं बनवणारा, घंटा ओतणारा, राजाची भेट, झगड्याचे खटले हे सगळं आत. दर आठवड्याला त्याच मजुराला दिलेले तेच चार पेन्स बाहेर. मृत्युपत्रांतही तेच: सरदार, मोठे व्यापारी, पाद्री यांची छापली आणि खाली वंशावळीच्या लांबलचक टिपा जोडल्या; पाववाल्याची, शिंप्याच्या विधवेची मूळ नोंदवहीतच राहिली. म्हणून छापील खंडांवरून 'यॉर्कमध्ये अमुक टक्के लोकांकडे चांदीची भांडी होती' असं काही काढायला जाऊ नये. त्यातून शहराचं नव्हे, रेनच्या आवडीनिवडीचं मोजमाप होतं. मूळ मृत्युपत्रांच्या नोंदवह्या १३८९ पासूनच्या आहेत आणि यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नगरपालिकेचं दप्तर शहराच्या अभिलेखागारात, मिन्स्टरच्या गुंडाळ्या मिन्स्टरच्याच ग्रंथालयात. तळटीपेतला जुना शेल्फ-क्रमांक तिथे आता चालत नाही. कागद मागवताना जुना क्रमांक, तारीख आणि नोंदीचे पहिले दोन-तीन लॅटिन शब्द, असं तिन्ही दिलं की अभिलेखपाल नवा क्रमांक काढून देतो.

मग डेव्हिसचे १८४३ चे उतारे टाकून द्यायचे का? नाही, कारण दप्तर जिथे होतं तो गिल्डहॉल, म्हणजे नगरपालिकेची जुनी इमारत, ऊझ नदीला खेटून आहे. १८९२ च्या पुरात तिथलं दप्तर भिजलं. पंधराव्या शतकातल्या सभांची इतिवृत्तं, ज्यांना 'हाउस बुक्स' म्हणतात, त्यांतल्या पानांची कड विरली, शाई पसरली. डेव्हिसने ती पानं पुराच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी कोरडी असताना वाचली होती. बॉसवर्थच्या लढाईनंतर, २३ ऑगस्ट १४८५ रोजी, रिचर्ड मारला गेल्याबद्दल शहराने आपलं दुःख उघडपणे लिहून ठेवलं. नवा राजा दारात असताना असं लिहायला धैर्य लागतं! ती नोंद याच वह्यांतली. १४६१ ते १४९० च्या वह्यांची संपूर्ण आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आहे. वाचताना ती समोर ठेवायची आणि जिथे तिच्यात शब्द गळाल्याची खूण असेल तिथे डेव्हिस उघडायचा. या क्रमाने गेलं तर दोन्ही कामाला येतात. उलट क्रमाने गेलं तर डेव्हिसने गाळलेलं काय, हे कधी कळतच नाही.

फिकट शाईचीही एक गोष्ट सांगण्यासारखी. एकोणिसाव्या शतकात पुसट चर्मपत्र वाचायला माजूफळाचा अर्क ब्रशने फिरवत. शाईतलं उरलंसुरलं लोह आणि अर्कातलं टॅनिन यांचा संयोग होऊन अक्षर पुन्हा काळं व्हायचं, काही काळ लख्ख वाचताही यायचं. नंतर सगळं पानच तपकिरी पडायचं आणि अक्षर त्या डागात बुडायचं. दुसरा उपाय अमोनियम हायड्रोसल्फाइडचा: सडक्या अंड्यांचा वास, हिरवट-काळं अक्षर, आणि तेही थोड्या वेळाने पुन्हा फिकट. तिसरा पोटॅशियम फेरोसायनाइड आणि आम्लाचा; त्याचा डाग निळा. मूळ पानावर असा डाग दिसला, तर तिथला मजकूर कुणीतरी एकदा वाचलेला आहे असं समजायचं आणि त्या वाचकाची छापील किंवा हस्तलिखित नक्कल शोधायची. डागाखालचं वाचायला आता अतिनील प्रकाश वापरतात. तपकिरी डागावर मात्र तो बऱ्याचदा हात टेकतो, कारण टॅनिन तो प्रकाश शोषून घेतं.

आता जमिनीखालचं. यॉर्कशायर फिलॉसॉफिकल सोसायटी १८२२ ची, तिचं म्युझियम सेंट मेरीज ॲबेच्या आवारात १८३० साली उघडलं. आजच्या अर्थाने उत्खनन फार थोडं झालं. वस्तू आल्या त्या गटारं, पाये आणि रेल्वे यांच्या खोदकामातून. तटाच्या आतलं स्टेशन १८४१ चं, तटाबाहेरचं आजचं १८७७ चं. हे दुसरं बांधताना रोमन स्मशानभूमी उघडी पडली आणि १८७५ मध्ये जिप्सम ओतलेल्या एका शवपेटीत तरुण मुलीचा केसांचा अंबाडा, जेट नावाच्या काळ्या दगडाच्या पिनांसकट, जसाच्या तसा मिळाला. तो आजही म्युझियममध्ये आहे. रेन या कामावर लक्ष ठेवून होता. पण मजूर वस्तू खिशात घालून संग्राहकांना विकत, त्यामुळे 'रेल्वे स्टेशनजवळ' एवढाच पत्ता असलेल्या वस्तू ढिगाने आहेत. शवपेटी जड असते, ती जिथल्या तिथे नोंदली जाते. नाणं, पिन, दिवा हे हातोहात फिरतात. वस्तू जितकी खिशात मावणारी, तितका तिच्या ठिकाणावर विश्वास कमी ठेवायचा.

पाहिलेलं आणि जोडलेलं यांतला फरक एका दगडात नीट दिसतो. १८५४ मध्ये किंग्ज स्क्वेअरजवळ गटार खणताना सम्राट ट्रेजनचा शिलालेख निघाला. शिला अपुरी आहे. ट्रेजनच्या अधिकारवर्षाचा १२ हा आकडा, फाटकाचा उल्लेख आणि नवव्या लीजनचं (रोमन सैन्याच्या तुकडीचं) नाव शिलेवर आहे. त्यावरून साल निघतं इसवी १०७-१०८. बाकीच्या पदव्या ठरलेल्या साच्यातून भरलेल्या, आणि शास्त्रशुद्ध छपाईत त्या चौकोनी कंसात असतात. व्हिक्टोरियन लाकडी ठशांत भरीव रेघ आणि तुटक रेघ असा फरक असतो. तिसऱ्या-चौथ्या नकलेपर्यंत तो पुसला जातो आणि भरलेलं अक्षरही कोरलेलंच वाटायला लागतं. दगड सांगतो एवढंच की त्या वर्षी नववी लीजन यॉर्कला फाटक बांधत होती. ती पुढे 'नाहीशी झाली' ही सगळी कहाणी दगडाबाहेरची.

रोमन यॉर्कबद्दल १८६६ च्या आधीचं काहीही वाचताना एक नाव शोधायचंच: 'रिचर्ड ऑफ सिरेन्सेस्टर'. या मध्ययुगीन भिक्षूच्या नावावर चार्ल्स बर्ट्राम नावाच्या कोपनहेगनमधल्या इंग्रजाने १७५७ मध्ये रोमन ब्रिटनचं अख्खं वर्णन छापलं. ते सगळं बनावट निघालं, पण बी. बी. वुडवर्डने १८६६-६७ मध्ये ते उघडं पाडेपर्यंत शंभरेक वर्षं मोठमोठे विद्वान त्यावर विसंबले. त्यात यॉर्कला 'म्युनिसिपियम' (रोमन शहराचा एक दर्जा) म्हटलंय. इथे घाई नको, कारण ऑरेलियस व्हिक्टर या खऱ्या रोमन लेखकानेही यॉर्कला तेच म्हटलंय. विधान कुणाच्या आधारावर केलंय ते तळटीपेत बघायचं. आधार रिचर्डचा असेल तर खोडायचं, व्हिक्टरचा असेल तर ठेवायचं. शहर २३७ सालापर्यंत 'कोलोनिया' (त्याहून वरचा दर्जा) झालेलं होतं, हे सांगणारी वेदी फ्रान्समधल्या बोर्दोला १९२१ मध्ये सापडली. ती व्हिक्टोरियन मंडळींना ठाऊक असणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांना त्याबद्दल दोष देऊ नये.

वस्तूंमधला बनावट माल ही वेगळीच बाजारपेठ. एडवर्ड सिम्पसन ऊर्फ 'फ्लिंट जॅक', जन्म व्हिटबीजवळचा, यॉर्कशायरभर हिंडून गारगोटीची बाणाग्रं, मडकी, कोरीव दगड करून विकायचा. जुन्या चहाच्या ट्रेपासून त्याने रोमन चिलखताचा तुकडाही घडवला होता. १८६२ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे त्याने हे सगळं कसं करतो ते करून दाखवलं. त्याचे दगड ओळखायला कडा बघायच्या. शतकानुशतकं मातीत राहिलेल्या गारगोटीवर साय चढते आणि तासलेल्या पृष्ठावरही तिचा रंग बदलतो. ताज्या कामाच्या कडा काचेसारख्या धारदार असतात, आणि लोखंडी हत्याराने ठोकलेल्या ठिकाणी कधी कधी गंजाची बारीक रेघ सापडते.

मिन्स्टरचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. २ फेब्रुवारी १८२९ ला जोनाथन मार्टिनने लावलेल्या आगीत क्वायर, म्हणजे गायकवृंदाचं दालन, जळालं. दुरुस्तीत फरशीखाली जुन्या तळघराच्या भिंती निघाल्या आणि ब्राउन त्या मोजत, रेखाटत बसला. त्याची मापं अतिशय काटेकोर आहेत. १८४६ च्या जुलैत आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूटची वार्षिक सभा यॉर्कला भरली, तेव्हा केंब्रिजच्या रॉबर्ट विलिसने त्याच भिंतींवर स्वतःचा क्रम मांडला. भिंती तर दोघांनीही पाहिलेल्या; वाद होता कुठली आधीची याचा. हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे तिरपे दगड आलटून-पालटून रचलेली भिंत दिसली की ती सॅक्सन, असं त्या पिढीत बरेच जण धरून चालत. ती पद्धत नॉर्मन बांधकामाच्या सुरुवातीलाही वापरात होती, म्हणून नुसत्या रचणीवरून शतक ठरत नाही. मनोरा खचतोय म्हणून १९६७ ते १९७२ मध्ये पाया खोदला, तेव्हा आर्चबिशप थॉमसच्या अकराव्या शतकातल्या चर्चचा आराखडा मिळाला: सुमारे १११ मीटर लांब, आणि मधल्या दालनाला दोन्ही बाजूंना उपदालनंच नाहीत. त्याच्याखाली रोमन छावणीचं मुख्यालय, पण तिरप्या दिशेत. जुने आराखडे यावर आडाखे बांधून काढलेले होते. तेव्हा ब्राउनचे नकाशे वापरताना मापं घ्यायची आणि रंग सोडून द्यायचे, कारण कुठली भिंत कुठल्या काळातली हे त्याने रंगांतून सांगितलंय.

जागा नकाशावर बसवायला ऑर्डनन्स सर्व्हेचा मैलाला पाच फूट, म्हणजे १:१०५६ चा नकाशा घ्यायचा. यॉर्कचा १८५२ मध्ये छापला गेला. एक इंच म्हणजे ८८ फूट, त्यामुळे घरामागचं अंगणसुद्धा दिसतं. मध्ययुगीन अवशेषांची नावं त्यावर गॉथिक वळणाच्या अक्षरात असतात, रोमन अवशेषांची वेगळ्या वळणात. म्हणजे कुठला अवशेष कुणाचा समजला जात होता तेही कळतं. डेव्हिस 'लॉप लेन' म्हणतो ती आताच्या डंकम प्लेसमध्ये विरली, १८६० च्या आसपास रस्ता रुंद केला तेव्हा. पार्लमेंट स्ट्रीट १८३० च्या दशकातली, डीनगेट १९०३ ची. लेंडल पूल १८६३ चा, त्याआधी तिथे होडी होती. घरांचे क्रमांकही बदललेले आहेत, म्हणून क्रमांकावरून घर शोधू नये. शेजारच्या चर्चपासून किंवा कोपऱ्यापासून दारं मोजत यायचं. आणि 'पृष्ठभागाखाली १४ फूट' असं वाचलं तर ते त्या दिवशीच्या रस्त्यापासून धरायचं, आजच्या नव्हे. पाच फुटी नकाशावर रस्त्याची उंची आकड्यात दिलेली असते. तीतून खोली वजा करायची, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची निघते. फक्त ती उंची जुन्या, लिव्हरपूलला ठरवलेल्या समुद्रपातळीवरून आहे. आजची न्यूलिनला ठरवलेल्या पातळीवरून मोजतात. दोन्हींतला स्थानिक फरक वळता केल्याशिवाय व्हिक्टोरियन खड्डा आणि आजचा खड्डा एका चित्रात काढू नयेत.